'निम्मं दुखणं डोक्यात असतं' म्हणणाऱ्यांना उत्तर

वारजेकर:
काल सिंहगडरोडवाला यांनी लिहिलं, "मणक्याच्या ऑपरेशननंतरही दुखतं म्हणून पाठीत मज्जारज्जूला करंट देणारं यंत्र (स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर) बसवणं हे श्रीमंतांचं खूळ. निम्मं दुखणं डोक्यात असतं, रोज चालावं." रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या बायकोचं कंबरेच्या मणक्याचं (एल४-एल५) ऑपरेशन दोनदा झालं. एमआरआयमध्ये कुठेही नस दाबलेली नाही, तरी डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत जाळ. ओट्याशी उभं राहून दोन पोळ्या लाटून होत नव्हत्या. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन गोळीने दिवसभर गुंगी. चालायचं कुणी आणि कसं?

शेवटी त्या यंत्राची ट्रायल घेतली. सुईतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दोन बारीक तारा सोडल्या, बॅटरी बाहेर कमरेला. दुखणं निम्म्याने कमी झालं तरच बॅटरी कातडीखाली बसवायची, असं आधीच ठरलं होतं. चौथ्या दिवशी ती तळ्यातल्या गणपतीला जाऊन आली. दोन वर्षांनी! यंत्रही कालचं नाही. शीली या न्यूरोसर्जननी अमेरिकेत पहिलं बसवलं ते १९६७ साली. २००७च्या प्रोसेस अभ्यासात अशाच १०० पेशंटांपैकी यंत्रवाल्या गटातल्या ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं सहा महिन्यांत निम्म्याने तरी उतरलं. नुसत्या औषधोपचारावर ९ टक्के.

सिंहगडरोडवाला:
त्या ४८ टक्क्यांना यंत्र चालू असल्याचं माहीत होतं. करंट चालू असला की मुंग्या येतात, लपणार कसं? २०२२चा नॉर्वेचा अभ्यास वाचा. ५० पेशंट, सगळ्यांना यंत्र बसवलेलं, तेही आधीच्या ट्रायलमध्ये आराम पडलेले. मग मुंग्या न येणारा 'बर्स्ट' प्रकारचा करंट तीन-तीन महिने कधी चालू, कधी बंद, पेशंटला न सांगता. रोजच्या हालचालीत काही फरक नाही. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२३चा आढावाही कंबरदुखीबद्दल तेच सांगतो.

आणि मी हवेत बोलत नाही. माझ्या थोरल्या भावाची तार चार महिन्यांत सरकली. पुन्हा टेबलावर. मग बॅटरीच्या जागी पू झाला, सगळं काढावं लागलं. बसवताना हे होऊ शकतं असं एका शब्दाने कुणी बोललं नव्हतं.

बिबवेवाडीकर:
पैशाचं कुणी बोलणार का? माझा क्लेम "प्रायोगिक उपचार" म्हणून परत आला. आरोग्यविम्याच्या २०१९च्या नियमांतल्या बारा आधुनिक उपचारांच्या यादीत मेंदूतलं स्टिम्युलेशन होतं, मणक्याचं नव्हतं. एफडी मोडली.

सहकारनगरची:
यंत्र बसवा नाहीतर नका बसवू, घरापासून दवाखान्यापर्यंतचे स्पीडब्रेकर मोजा आधी! रिक्षात मी चौदा मोजले, प्रत्येकाला कळ डोक्यात. नियमाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गाडी हळूच चढून उतरावी असा. आपल्याकडे रात्रीत डांबराचा ढीग टाकतात, पट्टे नाहीत, बोर्ड नाही.

दोन_मुलांची_आई:
आमच्या शाळेसमोर स्पीडब्रेकर नव्हता तेव्हा माझ्या मुलाला दुचाकीने उडवलं. पायात रॉड आहे त्याच्या. आमचा कुणी काढायला आलं तर मी आडवी पडेन.

सहकारनगरची:
काढा म्हटलंय कुठे? नियमाने बांधा म्हटलंय. वाचून तरी बोला.

दोन_मुलांची_आई:
तुम्ही रिक्षातून बोलताय, मी फुटपाथवरून. पुण्यात सांगून कुणी वेग कमी करतं?

बिबवेवाडीकर:
दोघी बरोबर आहात. माझा मणका गेला तो अशाच पट्टे नसलेल्या ढिगाऱ्यावर. अंधारात दिसलाच नाही. अर्ज केला तर उत्तर आलं, आमच्या नोंदीत तिथे गतिरोधक नाही!

वारजेकर:
धागा पार कुठल्या कुठे गेला. सिंहगडरोडवाला, नॉर्वेचा अभ्यास मला झोंबला, खोटं कशाला बोलू. पण तो एकाच प्रकारच्या करंटचा होता. हिला मुंग्यावाला आहे आणि दुखणं पायाचं आहे, नुसत्या कंबरेचं नाही. कोक्रेनचा आढावा कंबरेचा. तार सरकते हे मात्र खरं. आम्हाला सांगितलं होतं, सहा आठवडे वाकणं-वळणं बंद होतं. तुमच्या भावाला सांगितलं नसेल तर तो गुन्हाच आहे.

सिंहगडरोडवाला:
सांगितलं नाही. परवा पाहुण्यांकडे दादा पंगतीला खाली बसला आणि त्याला उठताच येईना. कुणीतरी म्हणालं, नाटकं करतोय. तेव्हा तुमचाच धागा आठवला. 'डोक्यात असतं' हे वाक्य मागे घेतो. यंत्राबद्दलचं नाही. ट्रायलच्या आठवड्यात माणूस आशेनेही चालतो. दोन वर्षांनी वहिनी किती चालतात ते लिहा, मग बोलू.

वारजेकर:
लिहीन. वाईट झालं तरी लिहीन.

दोन_मुलांची_आई:
सहकारनगरची ताई, आज शाळेसमोरचा टेपने मोजला. रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. रुंद करायच्या अर्जावर मी सही करते, पण काढायच्या नाही.