आजोबांच्या टेबलाला स्टेन लावला तर रंग एकसारखा येत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आजोबांचं लिहायचं सागवानी टेबल आहे, पॉलिश पार काळवंडलं होतं म्हणून स्वतःच करायला घेतलं. आधी मागच्या पायावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा फिरवून बघितला तर पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं, म्हणजे लाखेचं असणार असं धरून सगळं स्पिरिटनेच काढलं. मग पॉलिश पेपर, ८०, १२०, १८० असे (आकडा मोठा तितका पेपर बारीक). मधल्या भागावर मशीन फिरवलं, कडेला आणि कोपऱ्यात मशीन जाईना म्हणून हाताने घासलं आणि खरं सांगतो, तिथे १२० वरच थांबलो, हात भरून आले होते.

आता अक्रोड रंगाचा ऑइल स्टेन (लाकडात मुरणारा तेलातला रंग) लावलाय तर मधे फिका, कडेला गडद आणि फळीची कापलेली टोकं तर जवळजवळ काळीच. हे का झालं ते कळतंय, जाड पेपरच्या ओरखड्यांत रंग जास्त बसतो आणि टोकाकडून लाकूड रंग पिऊन घेतं. पण ड्रॉवरच्या सांध्यापाशी दोन बोटं रुंद पांढुरके चट्टे राहिलेत, तिथे स्टेन धरतच नाही. ओलं फडकं फिरवलं तर बाकी लाकूड गडद होतं आणि तेवढीच जागा कोरडी दिसते. जुना सरस बाहेर आलेला असेल का पॉलिशच राहिलंय? सरस असेल तर नुसता पेपर पुरेल का आधी पटाशीने खरवडू?

बाकीचं परत १८० पर्यंत घासायची तयारी आहे, टोकं २२० पर्यंत नेईन. त्यानंतर स्टेनच्या आधी मेण काढलेल्या लाखेचा एकदम पातळ हात मारला तर रंग सारखा बसतो असं वाचलं, सागवानावर कुणी केलंय का? का त्याने रंग फारच फिका पडतो?

अजून एक, उजव्या हाताला दौतीचा काळा गोल डाग आहे. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जाईल हे माहितीये पण तो मला घालवायचा नाहीये, आजोबांची दौत तिथेच असायची. घासताना तेवढा भाग सोडला तर भोवती वेगळ्या रंगाचं कडं दिसेल ना, मग तिथे कसं करायचं? पॉलिश अजून मारलेलं नाही, टेबल तसंच उघडं ठेवलंय.