परिषदेच्या शहरात आपला विषय भेटला तेव्हा

परिषदेला गेलं की सत्रं, पोस्टर आणि चहापानात दिवस संपतो. तरीही वेळ काढून त्या शहरात तुमच्या विषयाशी नातं असलेली एखादी जागा पाहिली असेल, तर जरूर लिहा. सुरुवात मी करते.

व्हिएन्ना. माझं सादरीकरण सकाळीच झालं. दुपारची सत्रं माझ्या विषयाची नव्हती. गळ्यातला बिल्ला पिशवीत टाकला आणि ७१ नंबरची ट्राम पकडून मध्यवर्ती दफनभूमीत गेले. बहुतेक लोक तिथे बेथोव्हेन, शूबर्टसाठी येतात. मला भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमानला भेटायचं होतं. सापडायला वेळ लागला. पांढरा अर्धपुतळा आणि त्याच्या वर कोरलेलं एंट्रॉपीचं, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचं, सूत्र: एस = के लॉग डब्ल्यू. इतकी वर्षं फळ्यावर लिहून पुसत आलेली ओळ तिथे दगडात होती. अणूंचं अस्तित्वच न मानणाऱ्यांशी हा माणूस वर्षानुवर्षं वाद घालत राहिला, १९०६ साली गेला. माझा पाय निघेना. आता एंट्रॉपीचा पहिला तास मी त्या फोटोनेच सुरू करते.

*

माझा विषय साथरोग, शहर लंडन. संध्याकाळी सोहोतल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर गेलो. तिथे दांडा नसलेला हापसा उभा आहे, मूळ हापशाची प्रतिकृती. कॉलऱ्याच्या साथीत, रोग या हापशाच्या पाण्यातून पसरतोय असं म्हणणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी दांडा काढला गेला, हे आपण सगळेच शिकवतो. पण लोक वस्ती सोडून गेल्याने साथ तोवर ओसरू लागली होती, हेही स्नोनेच लिहून ठेवलंय. स्वतःच्या बाजूचा पुरावा इतक्या काटेकोरपणे तपासणारा माणूस! दुसऱ्या दिवशी बोलण्याआधी माझ्या निष्कर्षाच्या स्लाइडमधलं 'सिद्ध होते' काढून 'सूचित होते' केलं.

*

पॅरिस, पीएचडीचं दुसरं वर्ष, पहिलीच परिषद. गाईड मॅडम म्हणाल्या, "समारोपाला नाही बसलीस तरी चालेल, पँथिऑनला जाऊन ये." पृथ्वी फिरते हे दाखवायला भौतिकशास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये त्या घुमटाच्या इमारतीत ६७ मीटर लांब तारेला लंबक टांगला होता, आज प्रतिकृती झुलते. मी तासभर कठड्याला टेकून होते. तेवढ्यात झोक्याची दिशा साधारण ११ अंश सरकली. म्हणजे खालची जमीन फिरली, माझ्यासकट.

*

मी चार दिवस सभागृहाबाहेर पडलोच नाही. पुढच्या वेळी परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढणार, हक्काची रजा टाकून.