केनी जीच्या आधी ग्रोव्हर
स्मूद जॅझ (जॅझचा मुलायम, सहज कानात बसणारा प्रकार) सॅक्सोफोनवादक केनी जीपासून सुरू झालं, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. अहो, जरा मागे चला. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरशिवाय ही चर्चा अळणीच.

गडी मूळचा अमेरिकेतल्या बफेलोचा, स्थिरावला फिलाडेल्फियात. नशीब उघडलं ते दुसऱ्याच्या गैरहजेरीमुळे. १९७१ मध्ये निर्माता क्रीड टेलरच्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोनवादक हँक क्रॉफर्ड येऊ शकला नाही आणि साथीला बोलावलेल्या ग्रोव्हरच्या हाती मुख्य आल्टो सॅक्सोफोन आला. एरवी हा त्याहून खालच्या सुराच्या टेनर सॅक्सोफोनवाला! त्यातून 'इनर सिटी ब्लूज' हा अल्बम झाला. मग 'मिस्टर मॅजिक', आणि १९८० चा 'वाइनलाइट'.

'वाइनलाइट'मधलं 'जस्ट द टू ऑफ अस' हे गाणं लोकांना आठवतं ते बिल विदर्सच्या आवाजामुळे. पण रेडिओसाठी छाटलेलं नको, अल्बममधलं सात मिनिटांचं ऐका. स्टीलपॅन (कॅरिबियन बेटांवरचं पोलादी तालवाद्य) वाजून गेल्यावर सॅक्सोफोन कसा येतो बघा. घाई नाही, कसरत नाही, गायकासारखा श्वास घेत वाजवतो. (याला 'लिफ्टमधलं संगीत' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.)

१७ डिसेंबर १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये टीव्हीसाठी चार गाणी वाजवून झाली आणि तिथेच तो कोसळला. वय अवघं ५६.