उत्तर: हिरवी आणि तपकिरी अळी, दोन जाती की एकच?

"हिरवी अळी एका जातीची, तपकिरी दुसऱ्या जातीची" हे काही पटलं नाही. शेपटीकडचं शिंग पाहून ती हॉक मॉथची (एक प्रकारच्या मोठ्या पतंगाची) अळी आहे इतपत कळतं, तेवढं बरोबर. (शिंग मऊच असतं, टोचत नाही.) पण जात ठरवायला रंग कामाचा नाही. मी स्वतः फसलोय. तगरीवर बोटाएवढी पोपटी अळी सापडली. डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके, कडेला पांढरी रेघ आणि बारीक ठिपक्यांची नक्षी. बरणीत ठेवली. तिसऱ्या दिवशी बघतो तर पाठ काळपट तपकिरी, पानाला तोंड लावेना, नुसती बरणीभर धावतेय. वाटलं, आजारी पडली. प्रत्यक्षात ती कोषाची तयारी होती. मग वाळक्या पानांच्या थरात शिरली, आणि पंधरा दिवसांनी हिरव्या-गुलाबी नक्षीचा कण्हेरीवरचा हॉक मॉथ, डॅफ्निस नेरी, बाहेर आला.

तेव्हा फोटो टाकताना अळी कुठल्या झाडावर होती ते आधी लिहा. तगर किंवा कण्हेर असेल तर पहिला संशय याच्यावरच. टोमॅटोवर असेल तर अंगावरच्या रेघा बघा. अमेरिकेतल्या मॅन्डुका सेक्स्टा या हॉक मॉथच्या अळीला सात तिरप्या पांढऱ्या रेघा आणि लालसर शिंग असतं, तर तिच्या जवळच्या जातीला, मॅन्डुका क्विंकेमॅक्युलाटाला, आडव्या इंग्रजी व्हीसारख्या आठ खुणा आणि काळसर शिंग. अळी दिसतच नसेल तर खाली जमिनीवर बघा, खाचा असलेल्या जाड काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. बरोबर त्यांच्या वरची फांदी तपासायची.