गेन्रो अजून जगले असते तर जपान वाचला असता? मला अजिबात पटत नाही

घाटमाथा
काल इथे एकाने लिहिलं, की इतो, यामागाता, मात्सुकाता ही गेन्रो मंडळी, म्हणजे सम्राटाला सल्ला देणारे जुने मुत्सद्दी, आणखी वीस वर्षं जगली असती तर जपान १९४१ च्या युद्धात पडलाच नसता. वाचल्यापासून डोकं फिरलंय. लष्कर ज्या फटीतून सरकारात घुसलं, ती फट यामागातानेच पाडली ना! १९०० मध्ये पंतप्रधान असताना त्याने नियम केला, की लष्कर आणि नौदलाचा मंत्री सेवेत असलेला जनरल किंवा ॲडमिरलच हवा. १९१२ मध्ये पंतप्रधान साइओन्जीच्या मंत्रिमंडळाने लष्कराला दोन नव्या डिव्हिजन नाकारल्या. लष्करमंत्री उएहाराने राजीनामा थेट सम्राटाकडे दिला, लष्कराने त्याच्या जागी दुसरा माणूस दिला नाही आणि सरकार पडलं. एक खातं रुसलं की अख्खं सरकार खाली!

१८८९ च्या राज्यघटनेत गेन्रोंचा उल्लेखसुद्धा नाही. तरी पुढचा पंतप्रधान कोण, हे सम्राटाला तेच सांगणार. मग यांना जाब कुणी विचारायचा?

आडवाट
कालची पोस्ट माझीच. १९०४ चं काय ते सांगा. रशियाशी युद्ध सुरू होतंय न होतंय, तोच इतोने कानेको केन्तारोला अमेरिकेला पाठवलं. का? तर अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याच्याशी कानेकोची ओळख होती आणि पुढे मध्यस्थ लागणार हे इतोला आधीच दिसत होतं. मांचुरियातलं मुकदेन जिंकल्यावर सैन्य थकलंय हे यामागातानेही ओळखलं. लढाई कुठे थांबवायची याचा विचार पहिल्या दिवसापासून करणारी माणसं होती ती. १९४१ मध्ये असं एक तरी डोकं दाखवा. १९१५ ला चीनपुढच्या एकवीस मागण्यांमधला पाचवा गट, म्हणजे चीनच्या कारभारात जपानी सल्लागार बसवण्यासारख्या मागण्या, सोडायला कुणी भाग पाडलं? याच म्हाताऱ्यांनी.

कोकणकडा
दोन वर्षांपूर्वी क्योतोत यामागाताचं मुरिनआन हे बंगला-बाग पाहिलं. बाग इतकी सुंदर, की पाय निघत नाही. बिवा तळ्याच्या कालव्याचं पाणी खळखळत बागेतून जातं. बाजूच्या विलायती घराचा जिना चढून वर गेलं की एक अंधारी खोली आहे. भिंतींवर सोनेरी चित्रं, मध्ये टेबल, भोवती खुर्च्या. २१ एप्रिल १९०३ ला इतो, यामागाता, पंतप्रधान कात्सुरा आणि परराष्ट्रमंत्री कोमुरा तिथे बसले आणि रशियाबाबतचं धोरण ठरवलं. चौघांत मंत्री दोनच, बाकी दोघांकडे मंत्रिपद नव्हतं. लाखो पोरं ज्या युद्धात उतरली, त्याची दिशा एका माणसाच्या खासगी बंगल्यात ठरली. मी तिथे उभी होते आणि मला गुदमरायला झालं.

पेन्शनर
आमच्या सोसायटीचे जुने सेक्रेटरी पद सोडून बारा वर्षं झाली होती, तरी प्रत्येक नवी कमिटी फाइल काखेत मारून त्यांच्याच दारात. ते गेले, आणि कन्व्हेयन्सचे कागद कुठे ठेवलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वर्ष मी हेलपाटे घातलेत. माणूस देवासारखा होता, पण हाताखाली एकाला तयार केलं नाही.

आडवाट
काका, सोसायटी कुठे, साम्राज्य कुठे! आणि दोष दार ठोठावणाऱ्यांचा नाही का?

पेन्शनर
दोष दोघांचा. पण दार उघडं ठेवणाऱ्याचा जास्त. १९२४ ला मात्सुकाता गेल्यावर गेन्रोंपैकी साइओन्जी एकटा उरला. ओकित्सुला समुद्राकाठी राहायचा आणि पुढारी तोक्योहून आगगाडीने तिथे जायचे. पंतप्रधान इनुकाईचा खून झाल्यावर १९३२ ला त्याने काय केलं? संसदेत सेइयुकाई पक्षाचं घसघशीत बहुमत होतं. तो पक्ष एकेकाळी त्याने स्वतः चालवलेला. तरी नाव सुचवलं ॲडमिरल साइतोचं. पक्षांची सरकारं तिथे संपली.

आडवाट
हे मात्र ऐकून घेणार नाही. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, बाहेर पिस्तुलं घेऊन फिरणारे तरुण अधिकारी. त्यातल्या त्यात मवाळ माणूस त्याने निवडला. खुर्चीत बसून त्याला भित्रा ठरवणं सोपं आहे!

पेन्शनर
भित्रा मी म्हटलेलं नाही. माझे शब्द पुन्हा वाचा.

कोकणकडा
आवाज खाली घ्या दोघांनी. आडवाट, तुमचा साइओन्जी भला होता, मान्य. पण त्याच्यामागे उभं राहील असं काहीच नव्हतं, काका तेच सांगताहेत.

घाटमाथा
पाचव्या गटाचं मान्य करतो, नाइलाजाने. आता तुम्ही १९३७ बघा. यामागाताचा नियम १९१३ मध्ये पंतप्रधान यामामोतोने सैल केला होता, १९३६ ला तो पुन्हा आवळला. जानेवारी १९३७ मध्ये साइओन्जीने उगाकीचं नाव दिलं, सम्राटाने त्याला सरकार बनवायला सांगितलं. उगाकी स्वतः जनरल! लष्कराने मंत्रीच दिला नाही. शेवटचा गेन्रो पहिल्या पिढीच्या गेन्रोने बांधलेल्या भिंतीवर आपटला.

आडवाट
उगाकीचं खरं आहे. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण इतोला यात ओढू नका. तो १९०९ लाच हार्बिनच्या स्टेशनावर मारला गेला. मी त्याच्याबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मागे घेणार नाही.