रोमन कायद्यावर रानटीपणाचा शिक्का : कितपत खरा?

पोथीनिष्ठ : काल एका लेखात ‘कर्जदाराचे तुकडे करणाऱ्या रोमनांकडून न्याय काय शिकायचा?’ हे वाक्य वाचले आणि राहवले नाही. तुकड्यांचे ते कलम ज्यात आहे तो द्वादश फलकांचा कायदा, म्हणजे रोमचा आद्य लिखित कायदा, इ.स.पू. ४५० च्या सुमाराचा. त्यापुढच्या जवळपास हजार वर्षांचा विचार लेखकाने एका ओळीत निकालात काढला! इ.स.च्या दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित गायस सांगतो की, देणे नसताना कोणी चुकून पैसे दिले, तर घेणारा ते जणू कर्जाऊ घेतल्याप्रमाणेच परत करण्यास बांधील होतो. देणाऱ्याला व्यवहार मिटवायचा असतो, नवा करायचा नसतो, ही अडचणही तोच प्रामाणिकपणे नोंदवतो.

उलटतपासणी : अर्धेच सांगितलेत. देणे नव्हते हे सामान्यतः पैसे देणाऱ्यानेच सिद्ध करायचे, आणि चूक कायद्याच्या अज्ञानातून झाली असेल तर परतफेड नाही, असा रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळचा स्पष्ट आदेश आहे. माझ्या मावसभावाचे घरभाडे एका आकड्याच्या चुकीने भलत्याच्याच खात्यात गेले, तेव्हा तो इसम ‘हे माझे जुने येणे होते’ म्हणून ठाम बसला. पुराव्याचे ओझे म्हणजे काय, हे आमच्या घराने भोगले आहे.

पोथीनिष्ठ : भावाबद्दल सहानुभूती आहे, पण घेणाऱ्याने पैसे मिळालेच नाहीत असा कांगावा केला आणि तो खोटा ठरला, तर देणे होते हे त्यानेच सिद्ध करायचे, असेही कायदेपंडित पाउलुसच्या नावावर ‘डायजेस्ट’मध्ये, म्हणजे रोमन कायदेपंडितांच्या मतांच्या संग्रहात, आहे. ते सोयीस्करपणे गाळलेत.

त्रयस्थ : तुकड्यांचे काय झाले? तुकडे केल्याचे कधी वाचले वा ऐकले नाही, असे रोमन लेखक ऑलस गेलियसच्या संवादातला कायदेपंडितच म्हणतो.

उलटतपासणी : म्हणजे त्याच फलकांतली, कर्ज न फेडणाऱ्याला साठ दिवसांची कैद, पंधरा पौंडांची बेडी, तीन बाजारच्या दिवशी चारचौघांत उभे करणे आणि शेवटी टायबर नदीपलीकडे, म्हणजे रोमबाहेर, विक्री, हे सारे सौम्यच म्हणायचे का?

पोथीनिष्ठ : सौम्य कोणी म्हटले? कर्जापायी होणारी गुलामी पोएटेलियाच्या कायद्याने, इतिहासकार लिव्हीच्या मते इ.स.पू. ३२६ मध्ये, मोडीत काढली. कृपया तारखा पाहून संतापावे.

उलटतपासणी : पाहिल्या. चुकून दिलेल्या पैशाबाबतचा तुमचा मुद्दा मान्य करतो, मोठ्या मनाने. मात्र गायसच्या काळी वादीने येणे असलेल्या रकमेपेक्षा जास्त मागितले, तर त्याचा सगळाच दावा बुडत असे, हे ध्यानात घेऊन सबंध रोमन कायद्याची निर्दोष मुक्तता मागू नये.