गावचा इतिहास: आधी दगड, मग स्मरणिका

गावच्या इतिहास मंडळाने व्याख्यानं आणि स्मरणिका यापलीकडे काय करावं, असा प्रश्न आहे. माझं मत, स्मरणिका दोन वर्षं बाजूला ठेवा. (तसंही तिच्यात निम्म्या जाहिरातीच असतात.)

आधी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, बघा. मारुतीच्या देवळामागे किंवा पारावर एखादा तरी सापडतोच. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. गाईगुरं कोरलेली असतील तर तो गोधन राखताना पडलेला. जीर्णोद्धारात हेच दगड नव्या बांधकामाच्या पायात जातात, नाहीतर ऑइल पेंट फासला जातो. म्हणून जागेवरच फोटो काढा, मापं घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवकामही दिसतं. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा (इ.स. 1012) शिलालेखसुद्धा कित्येक वर्षं रस्त्याकडेला पडून होता!

मग कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, बऱ्याचदा मोडी लिपीत. मंडळातल्या दोघातिघांनी मोडी शिकून घ्यावीच. कोल्हापूर-सांगलीकडे असाल तर हेळवी, म्हणजे वंशावळी राखणारे फिरस्ते, कधी येतात तेही विचारून ठेवा, त्यांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या असतात.